धुऱ्याशी थांबलेलं सोनं

वैशाख लागला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. या वयात ते जाऊन जाऊन जाणार कुठे, पण नाही राहत. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसावं, तर समोरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धडधडत जायला लागतात. तलावाचा गाळ. पाऊस यायच्या आत शेतात नेऊन टाकायचा. ट्रॉलीच्या फटीतून माती सांडत जाते, डांबरावर तिची लांबच लांब रेघ उमटते, आणि मी चहा तसाच ठेवून फाटकापर्यंत जाते. कुठून काढली ही माती? कोणाच्या वावरात चालली? सून म्हणते, "आई, तुम्हाला काय करायचंय? माती तर आहे." माती तर आहे! आता हिला काय सांगू. परत येऊन बसते, परत उठते. चहावर साय धरते.

मी शाळेत मास्तरीण होते. जन्मभर मुलींना शुद्ध बोला, शुद्ध लिहा म्हणून छळलं. पण वैशाखात माझ्या मनात जे येतं ते नाचणगावच्याच बोलीत येतं, आणि येतं ते भराभर, एकावर एक. त्याला मी तरी काय करू?

तो वैशाख एकोणीसशे पन्नासच्या दशकातला. नागपूर तेव्हा अजून राजधानी होतं. आमच्या नाचणगावाला वेळ कळायची ती पुलगावच्या गिरणीच्या भोंग्यानं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, वावरं उघडी पडलेली. काळ्या मातीला अशा भेगा, की हात कोपरापर्यंत आत जावा. लहानपणी माझा कानातला डूल अशाच एका भेगेत गेला होता. बाबा म्हणाले, "जाऊ दे, वावरानं खाल्ला." पाऊस पडला की त्या भेगा मिटतात आणि वर पडलेलं जे काही असेल ते पोटात ठेवून घेतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणूनच कोणी त्याचा विचार करत नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्या वर्षी होळीनंतर कॅनडातून परत आला. नागपूरला त्यानं भूगर्भशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं आणि शिष्यवृत्तीवर तिकडे गेला होता. तिकडे तो सोनं शोधायची विद्या शिकला. तो तिकडे असतानाच बाबा गेले. बातमी पोहोचली तेव्हा तेरवी होऊन गेली होती. त्यानंतर त्याला यायला जवळपास वर्ष लागलं. आला, चपला काढल्या, आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि तसाच राहिला. आईनं पाण्याचा गडवा पुढे केला, तो घटाघटा प्याला, आणि म्हणाला, "थँक्यू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणे व हा?"

"पाहुणा आला म्हणते," मी म्हटलं. मला राग आला होता. हो, राग. आईला कोणी थँक्यू म्हणतं का?

त्याची तिकडची नोकरी तयार होती. मृगाच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. इकडे माझं लग्न ठरलेलं, पावसाळा सरला की मी वर्ध्याला जाणार. म्हणजे दादा गेला की त्या घरात आई एकटी. एवढं साधं गणित होतं, आणि ते तिघांनाही येत होतं. पण बोलायचं कोणी नाही. आई त्याच्या भाकरीवर तुपाची धार जरा जास्त वेळ धरायची, आणि दादा ते पाहून मान खाली घालायचा. मी तेवढी या खोलीतून त्या खोलीत फिरायची. बोला ना रे कोणी, असं ओरडावंसं वाटायचं मला.

त्याची ती विद्या काय, ते एका सकाळी त्यानं अंगणातच दाखवलं. मी सडा घालून तुळशीपुढे रांगोळी काढली होती. दादानं तिच्यावर तळहात ठेवला आणि सरळ गोठ्याच्या दिशेनं ओढत नेला. पांढरा पट्टा पसरला.

"हे बर्फ समज," तो म्हणाला. "डोंगरावाणी उंच. हजारो वर्सं सरकत होतं तिकडं. सोनं असते इथं, तुळशीपाशी, खडकात. बर्फानं ते खरवडलं आन मातीसंगं गोठ्यापर्यंत नेलं. आता कोणी गोठ्यापाशी माती तपासली तर त्याले सोनं दिसन. तो तिथंच खणत बसन. खाली काहीच नाई."

"मंग कसं करता तुम्ही?" मी विचारलं.

"मंग उलटं चालाचं. बर्फ जिकडून आलं तिकडं. जागोजागची माती घ्याची, वरची नाई, हातभर खालची. ती धुवाची, तपासाची. कण वाढत जाते, वाढत जाते, आन एका जागी एकदम बंद होते. त्याच्या आसपास त्याचं घर." मग त्यानं चिमटीतली रांगोळी माझ्यासमोर धरली. "आन कणाची कड पाहाची. लय लांबून आला असन तर घासून घासून गुळगुळीत झाला रायते. टोकं शाबूत असन तर घर जवळच."

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आन माही रांगोळी आता कोण काढन? तुहं बर्फ?"

किती दिवसांनी हसलो असू आम्ही तेव्हा. दादा तर डोळे पुसेपर्यंत हसला. पण हसून झाल्यावर तो लगेच उठला आणि वावराकडे चालू लागला. त्याचं असंच व्हायचं. एका जागी टिकायचा नाही. ओट्यावर बसला तर पाय हलवायचा, खाटेवर पडला तर कूस बदलायचा, गावात गेला तर अर्ध्या रस्त्यातून परत यायचा. मी त्याला नावं ठेवायची आणि माझी गतही तीच. त्या घरात फक्त आई स्थिर होती, निदान दिसायची तरी.

वावरात त्यानं माती तपासायला सुरुवात केली ती अशी, हातांना चाळा म्हणून. कोणाला तिथे सोनं वगैरे अपेक्षित नव्हतं, त्याला तर मुळीच नाही. आमच्याकडचा खडक काळा, त्यात सोनं कुठलं, हे त्यानंच सांगितलेलं. तरी तो हातभर खड्डा करायचा, खालची माती पिशवीत भरायचा, विहिरीवर आणायचा, मोटेच्या पाण्यात धुवायचा. धुवायला भांडं काय, तर आईची लाकडी काठवट. आईला भाकरी परातीत थापाव्या लागत. "थाप बाई परातीत," ती स्वतःशीच म्हणायची, "माह्या काठवटीत सायेब चिखल मळून राह्यला." काठवट गोल गोल हलवत तो पाणी सांडत न्यायचा, हलकी माती वाहून जायची, तळाशी चिमूटभर काळी रेती उरायची. तिच्यावर लोहचुंबक फिरवायचं. उरेल ते भिंगाखाली.

आणि एका सकाळी भिंगाखाली पिवळं दिसलं.

मला आधी त्याचा चेहरा दिसला. तोंड उघडं, भिंग डोळ्याला तसंच. मला म्हणाला, "पाय ना इकडं." मी डोळा लावला. रेतीत एक कण, चुरगळलेल्या पापुद्र्यासारखा, आणि पिवळाधमक. त्याला टोकं होती. "टोकं पाय त्याचे," दादा म्हणाला. "हे कुठं लांबून आलं नाई व. घर जवळच आहे." त्याच्या आवाजात तेव्हा कॅनडा नव्हता, थँक्यू नव्हतं. माझ्याबरोबर बोरं पाडायला येणारा माझा भाऊ होता तो. मी घराकडे पळत सुटले. चप्पल विहिरीवरच राहिली, पाय पोळले. माझ्या डोक्यात एकच: सोनं निघालं, आता दादा राहील. सोन्याचं काय करायचं हे माझ्या मनातही आलं नाही. दादा राहील.

आई चुलीपाशी होती. मी धापा टाकत सांगितलं. तिनं फुंकणी खाली ठेवली. "कोणत्या वावरात?" तिनं विचारलं. आमचं वावर एकच! मी म्हटलं, "आपल्या व, अजून कोणाच्या?" तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्याले म्हणा, जेवाले ये. आन मंग खण म्हणा, खणाचं तेवढं."

आनंद नाही, आश्चर्य नाही. मला तिचाही राग आला.

गावात अशी गोष्ट लपते थोडीच? शेजारच्या वावराचे नथ्थूजी दुसऱ्याच दिवशी धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, येऊन बसले. डोक्यावर ओला दुपट्टा, तोंडात सुपारी. "काय सायेब, निंगून राह्यलं का?" दादा हसायचा. "निंगते म्हणते ना गाव." मग नथ्थूजी आवाज उतरवून म्हणायचे, "आमच्याही वावरात पाहा ना बाप्पा. सोन्याले काय मालूम, वावर कोणाचं आहे ते!" ते आपलं थट्टेत बोलून गेले. दादानं मात्र त्यांच्याकडे एकदम वळून पाहिलं. त्याच दिवशी त्यानं धुऱ्यापलीकडे, नथ्थूजींच्या वावरात, जागोजागी खड्डे घेतले. संध्याकाळी काठवट धुऊन उलटी ठेवली. मी विचारलं, तर म्हणाला, "पाहू."

पाहू, पाहू! पुढे सगळा महिना हे पाहू चाललं. रोज सकाळी टिकास खांद्यावर टाकून जायचं, ऊन तापलं की विहिरीवर यायचं, काठवट हलवत बसायचं. पण आता त्याचा हात सावकाश चालायचा. पहिल्या दिवसांसारखी घाई नाही. आधी न खणलेल्या जागी खणायचा, मग खणलेल्याच जागी परत. आमच्या वावरात कण सगळीकडे सापडत होते. कमी, पण सगळीकडे. सगळीकडे म्हणजे, नथ्थूजींच्या धुऱ्याजवळ बाभळीखालचा आमचाच एक कोपरा सोडून. तिथे काहीच नाही. तो त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. खाली बसायचा, ढेकूळ हातात घेऊन फोडायचा, वास घ्यायचा. वारा सुटलेला, पऱ्हाटीचा पाचोळा गरगर फिरतोय, आणि हा बाभळीखाली बसलाय. वेड लागलं की काय याला, असं वाटायचं.

शेवटी मीच फुटले. विहिरीवर गाठलं त्याला. म्हटलं, "दादा, मृग येऊन राह्यला. तू जाशीन का राहाशीन, एकदाचं सांग ना. आई रोज तुह्या तोंडाकडं पायते. तुले दिसत नाई का?"

त्यानं काठवट खाली ठेवली. "दिसते व," तो म्हणाला. "तो एक कोपरा समजत नाई. तो समजला की सांगतो."

"खड्ड्यात जाओ तुहा कोपरा!" मी म्हटलं आणि निघून आले. रडले. घरी येऊन भांडी आपटली.

आता हे सगळं आठवताना गंमत वाटते ती आमचीच. दर उन्हाळ्यात माती इकडची तिकडे नेणारी माणसं आम्ही. तलावातला गाळ न्यावा, उकिरड्यावरचं खत न्यावं. गावाबाहेर जुनं उठून गेलेलं गाव, आमच्याकडे त्याला रिठ म्हणतात, तिथली पांढरी माती खणून गाड्यांनी वावरात टाकावी. शेकडो वर्षं माणसं तिथे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, गुरं बांधली. त्या मातीनं कापूस असा उठतो की पाहत राहावं. घरोघर हे चालतं. जेवणात मीठ टाकलं हे कोण सांगत बसतं? माझा भाऊ सातासमुद्रापलीकडे जाऊन बर्फानं माती कशी नेली ते शिकून आला, आणि बैलगाडी त्याच्या ध्यानातच आली नाही. खालची माती घ्यायची, ती फसवत नाही, असं तिकडे शिकवलेलं. आमच्या भेगांनी वरचं सगळं केव्हाच खाली नेलं होतं. माझ्या डुलासारखं.

दादा पुढे तिकडेच राहिला. आता थकला आहे. फोन करतो तो हमखास वैशाखातच. तिकडे त्याच्या खिडकीबाहेर अजून कुठे कुठे बर्फ असतं म्हणे. त्याची मुलं माझ्याशी इंग्रजीत चार शब्द बोलतात, फार गोड, फार गुळगुळीत. मग तो फोन घेतो आणि ओरडतो, "काऊन व, माती पडली का वावरात?" इतक्या वर्षांनी! जसाच्या तसा. मी फोन कानाला लावून हसत बसते, आणि फोन ठेवला की परत फाटकापर्यंत जाऊन येते.

त्या वैशाखाचा शेवट एका दुपारच्या जेवणावर झाला. दार लोटलेलं, फटीतून उन्हाची पट्टी आत आलेली. दादा पाटावर, मी त्याच्या बाजूला, आई वाढत होती. आंबाडीची भाजी होती. दादानं घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"आई, ते सोनं आपल्या वावरातलं नाई. खडकातलं सोनं धुरा ओळखत नाई. हे चारी अंगानं बराबर धुऱ्याशी थांबते. नथ्थूजीच्या इकडं कण नाई. कोणीतरी आणून टाकलेली माती आहे ते. मले तर दुसऱ्याच हप्त्यात समजलतं."

आईनं पळी भांड्यात ठेवली. "मले पयल्याच दिवशी समजलतं," ती म्हणाली.

मी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिले.

"मंग सांगतलं काऊन नाई?" दादा म्हणाला.

"तू काऊन नाई सांगतलं?"

दादानं मोडलेला घास ताटात इकडून तिकडे सरकवला. मग आईच बोलली, ताटाकडे पाहत. "तू खणून राह्यलता तोवर घरी होता. मले सोनं काय कराचं होतं, बाप्पा?"

"मले जातो म्हणता येत नोहतं, आई," तो म्हणाला. "रोज म्हणत होतो, आज सांगतो. गड्ढा खणणं सोपं होतं."

म्हणजे तो जाणार होता. सांगून झालं होतं. मला वाटलं होतं त्या क्षणी मी ओरडेन, भांडेन. पण उलट अंगातलं काहीतरी सैल पडलं. आई तशीच बसली होती. तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, नको नको म्हणत असताना.

"तुह्या बाबांनी टाकली ती माती," ती म्हणाली. "तू तिकडं होता त्या उन्हाळ्यात. रिठाच्या अलीकडची माती सरली, सारे तिथूनच नेते. म्हणून ते पार पलीकडच्या टोकाले गेले. तिथं जुन्या गावात सोनाराइचे घरं होते. माह्या सासूबाई सांगत, सोनझरी बाया यायच्या तिथं, माती धुवाले, बारीक कण वेचाले. सोनार कानस चालवते, भुसा उडते, मातीत जाते. तुह्या बाबांनी काही सोनं म्हणून नाई आणली माती. कापसासाठी आणली."

कानशीचा भुसा. म्हणून टोकं शाबूत. आणि घर खरंच जवळ होतं, दादाची विद्या काही खोटी नव्हती. तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. मग त्यानं विचारलं, हळूच, जणू विचारायची भीती वाटत होती.

"आन बाभळीखालचा कोपरा? साऱ्या वावरात माती पडली, मंग तिथंच काऊन नाई? तेवढं मले समजलं नाई."

आईनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. तिकडे काही दिसत नव्हतं.

"तो राह्यला," ती म्हणाली. "तेवढाच राह्यला होता. गाडी भरून ठेवलती रिठावर. बैलं जुंपाले गेले आन तिथंच छाती धरून बसले. मंग कोण टाकते? भरलेली गाडी तशीच रिकामी करून आणली घरी."

उष्टं ताट तसंच ठेवून दादा बाहेर गेला. मला वाटलं, रडायला गेला असेल. मी मागे गेले, तर तो गोठ्यात गाडीच्या आसाला तेल देत होता.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच त्यानं बैल जुंपले. मी म्हटलं, "गड्याले सांगू का?" त्यानं मान हलवली. रिठाच्या पलीकडच्या टोकाला गेला, टिकासानं माती फोडली, घमेल्यानं गाडीत भरली, वावरात आणून कोपऱ्यात ओतली. परत गेला. हाताला फोड आले, ते फुटले, त्यानं चिंध्या बांधल्या. नथ्थूजी धुऱ्यावरून पाहत होते. आज त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं दुपट्टा कमरेला बांधून खाली उतरले आणि फावडं घेऊन माती पसरवू लागले. मीही घमेलं उचललं. ऊन चढलं, उतरलं. गाड्या येत राहिल्या. मृग दाराशी आला होता आणि दादाची ट्रंक घरी भरून ठेवली होती, पण तेव्हा त्याच्या तोंडावर मी जे पाहिलं त्याला मी निवांतपणा म्हणेन. त्या सबंध वैशाखात पहिल्यांदा.

आई दिवसभर बाभळीखाली बसून होती. शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा ती उठली, पदर खोचला, आणि कोपऱ्यात उतरून राहिलेली ढेकळं पायानं दाबत फिरली, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. मग दादानं विहिरीवरून आणलेली काठवट त्याच्या हातातून काढून घेतली. पदरानं पुसली आणि काखेला मारली.

"आता कोणी येऊन तपासो," ती म्हणाली. "साऱ्या वावरात सारखंच निंगन."